न घोटलेला कागद

"आता जरा घोगरं वाटतंय, नाही?" विहीणबाई म्हणाल्या.

तबकडी तीच होती. गाणं तेच, सुईही मी त्याच ओळीवर ठेवली होती जिथं पाच मिनिटांपूर्वी ठेवली होती. बदल एकच झाला होता. मधल्या पाच मिनिटांत मी उजव्या स्पीकरच्या खोक्याच्या तोंडावरचं जाळीचं कापड पेचकसानं सोडवून खाली ठेवलं होतं, आणि आतला कागद उघडा पडला होता. मळकट पिवळा, अंगावर तागाच्या बारीक काड्या दिसणारा, आमच्या हौदातला. पाच मिनिटांपूर्वी ह्याच खोक्याकडे बोट करून ह्याच बाई म्हणाल्या होत्या, "हा विलायती. कुणीही सांगेल. ह्यातली बाई समोर बसून गातेय, आणि त्या डाव्यातली शेजारच्या घरात." आता त्यांना कागद दिसला आणि त्यांचे कान बदलले. त्यांचे यजमान सावळेरामपंत, हौशीरामचे व्याही, खास पुण्याहून आलेले, त्यांनी करंगळी कानात घालून हलवली, काढून बघितली, आणि म्हणाले, "हां, घसा बसल्यासारखा आहे खरा." मी खोक्यापाशी उकिडवा बसलो होतो. मला कुणी बस म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं असतं तरी त्यांच्या खुर्चीत मी बसलो नसतो. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते सांगतो, लाज कसली. माझ्या डोक्यात आलं की हा पेचकस त्या तबकडीवर आडवा ओढावा. ओढला नाही. तबकडी माझ्या बापाची नव्हती. कागद होता.

हौशीराम हसला. तो ओतूरचा बागाईतदार, कांद्यात वर आलेला. जुन्नरच्या पेठेत त्यानं दुमजली घर बांधलं होतं आणि वरच्या माडीवर, जिथं इतर लोक देव ठेवतात, तिथं रेडिओग्राम ठेवला होता. शिसवी कपाटाएवढं धूड, वर रेडिओ, खाली तबकडीची पेटी, पोटात स्पीकर. गावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती, आणि विजेचं काय करायचं हे ज्यांना कळत नव्हतं त्यांनी आधी असली यंत्रं घेतली. मी त्यांची दुरुस्ती करतो. माझं दुकान म्हणजे पेठेतल्या एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं. मला कुणी शिकवलं नाही. चौथीत शाळा सुटली. जळका सेट उघडायचा आणि नाकानं हुंगत जायचं, कुठलं जळलंय, कुठलं नुसतं तापलंय, ते नाक सांगतं. कान त्याच्यानंतर तयार झाले. आणि कान तयार झाले तसा मी ह्या गावात एकटा पडलो, कारण जुन्नरात आवाज चांगला म्हणजे मोठा. चावडीपर्यंत गेला पाहिजे. शेजाऱ्याचं मूल दचकून उठलं पाहिजे. हौशीराम बटण शेवटपर्यंत पिळायचा आणि कपाट थरथरलं की अभिमानानं माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, भाऊ, हा गाण्याचा आवाज नाही, कपाटाचा आहे. त्याला ते कळायचं नाही. मग मी हट्टाला पेटलो. त्यानं बोलावलं नसतानाही जाऊ लागलो. कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, कारण भिंत आवाज परत फेकत होती. पायांखाली विटा दिल्या, माडीच्या फळ्या गुणगुणत होत्या म्हणून. मागच्या पोकळीत उशीचा जुना कापूस भरला. खिडकीच्या काचेला चिंधी कोंबली, जमिनीवर सतरंजी अंथरली. हौशीराम दारात उभा राहून बघायचा.

"अमजद, रेडिओ दुरुस्त करतूयास का बाळंतिणीची खोली लावतूयास?"

बायका आत हसायच्या. मी हसायचो नाही. पण दर वेळी गाणं थोडं मोकळं व्हायचं, धूळ झटकावी तसं, आणि ते फक्त मला कळायचं. असं एकट्याला काही कळत राहिलं की माणूस चांगला होत नाही, कडू होतो. पुस्तकं लिहिणारे ह्याच्या उलट सांगतात. त्यांनी जिन्याखाली बसून बघावं.

मग त्या वर्षी, एकोणसाठ साली, हौशीराम कांद्याच्या पैशाला मुंबईला गेला आणि तिथल्या दलालाच्या घरी त्यानं दोन तोंडांचं यंत्र बघितलं. डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि आपण मधी बसायचं. परत आला तो तेच बडबडत. "लई म्हंजी लई, राव. तबला हिकडं वाजतूय, पेटी तिकडं. मला तसं पायजे." मी त्याला समजावलं की त्याला तबकडीच वेगळी लागते, सुई वेगळी लागते, आतली सगळी जोडणी दुहेरी लागते. आपल्या ह्या कपाटाला दुसरं तोंड फोडता येईल, पण दोन तोंडं असली म्हणून माणूस दोन गोष्टी बोलत नाही, एकच दोनदा बोलतो. तो म्हणाला, "मग दोनदा बोलू दे." पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं एक सुटा स्पीकर आणला. लोखंड विलायती, चुंबक दणकट. पण आतला कागद उंदरांनी खाल्लेला. स्पीकर म्हणजे शेवटी काय, तर कागदाचं एक नरसाळं. तारेचं वेटोळं त्याला हलवतं आणि ते हलतं तसा आवाज निघतो. सगळी वीज, सगळी काच, सगळा शिसवी थाट मागं असतो. गातो तो कागद. तसला कागद पुण्यात मिळेना, परदेशी माल बंद झालेला. हौशीराम म्हणाला, "मग काय, गेलं का वाया?" आणि मी, मूर्ख, म्हणालो, "कागद ना? कागद आमच्याकडं आहे."

आम्ही कागदी. जुन्नरात हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल. माझ्या बापाचा बाप, त्याचा बाप, सगळे कुकडीच्या पाण्यात ताग धूत आणि कागद उचलत मेले. जुने दोर, गोणपाट, चुन्यात कुजवायचं, कुटायचं, धुवायचं, परत कुटायचं. मग हौदात त्याची पेज करायची आणि गवती साच्यावर एकेक ताव उचलायचा. एके काळी दफ्तरं ह्याच कागदावर लिहिली जात. मग गिरणीचा कागद आला आणि मोहल्ल्यातले हौद एकेक करून बुजले. उरला तो आमचा, तोही गेली तीन वर्षं कोरडा. माझे वडील, कमरुद्दीन, त्याच्या काठावर बसून असायचे. काही करायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, हौदावर लक्ष ठेवतोय. घरात आमची बोली दख्खनी. त्यांचं बोलणं इथं मराठीत करून लिहितोय, नाहीतर तुम्हीही म्हणाल, घोगरं वाटतंय. हौद ज्या जागेत होता ती जागा मात्र हौशीरामची. त्याच्या आज्यानं आमच्या आज्याला वापरायला दिलेली, तोंडी. आता त्याला तिथं कांद्याची वखार बांधायची होती. दसऱ्याच्या आत जागा मोकळी करा, असा त्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता. अब्बांनी दोन्ही वेळा निरोप आणणाऱ्याला पाणी पाजून परत पाठवलं होतं.

म्हणून मी ते बोललो. कागद आमच्याकडं आहे. आणि हौशीरामचे डोळे बारीक झाले. त्याला पैज आवडते. बैलाची असो, पत्त्याची असो.

"तुज्या बापाचा कागद विलायती कागदापुढं गाईल?"

"गाईल."

"आमचं व्याही येत्यात पुढल्या म्हयन्यात. पुण्याचं कान हायेत त्यांचं. त्यास्नी जर वळखाय न्हाई आलं कुठला विलायती न् कुठला जुन्नरचा, तर वखार दुसरीकडं बांदतो. जबान."

जबान म्हणाला तो. आमचाच शब्द, आमच्याच तोंडावर. ह्या भागात पाटलापासून पिंजाऱ्यापर्यंत सगळे हा शब्द वापरतात, आणि तो दिला की कागद करायची गरज पडत नाही, असं म्हणतात. कागद करणाऱ्यांच्या घरात जन्मून मला तेव्हाच कळायला हवं होतं की ज्याला कागद नको असतो तो का नको असतो.

अब्बा आधी ऐकेनात. कर्ण्यासाठी कागद? कागद लिहायला असतो. पण हौद भरायचा म्हटल्यावर त्यांचे हात त्यांचं ऐकेनासे झाले. चौथ्या दिवशी बघतो तर ताग कुजत घातलेला. सोळाव्या दिवशी त्यांनी पहिला ताव उचलला. तीन वर्षं नुसते बसलेले ते खांदे, पाण्यात गेले आणि एका झोक्यात साचा वर आला, त्यावर ताव असा सारखा पसरलेला की मला माझ्या सगळ्या तारा आणि पेचकस बुळबुळीत वाटले. ओला ताव मी कुंभाराकडून करून आणलेल्या मातीच्या नरसाळ्यावर बसवला, सांधा कुटून एकजीव केला, उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी नेऊन स्पीकरला चिकटवला आणि वाजवला. ताशा. नुसता ताशा, पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखा. गाणारी बाई भांडत असल्यासारखी. मी वेटोळं तपासलं, डिंक तपासला, तास दोन तास डोकं फोडलं. मग कागदावरून बोट फिरवलं आणि थांबलो. गुळगुळीत होता. चकचकीत. नखासारखा. मी झोपलो असताना माझ्या बापानं त्या नरसाळ्याला तांदळाची खळ चढवून आतून बाहेरून अकीक दगडानं घोटून ठेवलं होतं.

अशी चूक फक्त कागदीच करू शकतो. कागद घोटला की त्यावर बोरू पळतो, शाई फुटत नाही. घोटल्याशिवाय कागद कागद नाही, लगदाच आहे. पण घोटलेला कागद बोलका नसतो. तो ताठ होतो, स्वतःच वाजायला लागतो, दुसऱ्याचं सांगत नाही. मी घरी येऊन हे ओरडून सांगितलं. अब्बा शांतपणे म्हणाले, "नंगा कागद ह्या घरातून बाहेर गेलेला नाही." मी म्हणालो, "मग हे घरच जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे. झाकून जाईल." असलं बोलणं आमचं तीन दिवस चाललं. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुमच्या घोटण्यानंच हौद बुडाले, असंही बोललो. गिरणीचा कागद खरबरीत होता, स्वस्त होता, आणि तुम्ही बसलात दगड घेऊन आरसे करत. ते खरं नव्हतं. पूर्ण खोटंही नव्हतं. लहानपणी त्यांच्या शेजारी झोपलं की तो दगडाचा आवाज रोज यायचा, घस् घस्, एका लयीत, आणि मला वाटायचं की सगळ्यांचे बाप असाच आवाज करतात. माझे कान तिथं तयार झाले असतील. ते मला कबूल करायचं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी एक कोरा ताव, न घोटलेला, खळ न लावलेला, माझ्यापुढं टाकला आणि तोंड भिंतीकडं फिरवून बसले. जणू मी कुणाचे कपडे उतरवायला मागितले होते.

त्या तावाचं नरसाळं केलं. उजव्या खोक्यात बसवलं, मागं कापूस भरला, कपाटाच्या पोटातला मूळचा विलायती स्पीकर काढून डाव्या खोक्यात घातला, हौशीरामच्या माडीवर दुपारी कुणी नसताना तबकडी लावली. आता हे कसं सांगू. गाणं सुरू व्हायच्या आधी त्या बाईनं श्वास घेतला. ही तबकडी मी पन्नास वेळा ऐकली होती आणि तो श्वास कधी ऐकला नव्हता. कपड्याची सळसळ, मग श्वास, मग सूर. दुसऱ्या ओळीला तिचा दम किंचित कमी पडतो, ती शेवटचं अक्षर गिळते, आणि ते लपवायला मुरकी घेते. डाव्या, विलायती खोक्यातली बाई अशी दमत नव्हती. ती गात होती, ही जगत होती. मी सतरंजीवर आडवा पडलो आणि तबकडी संपली तरी उठलो नाही. मला रडू आलं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. आलं नाही. मला राग आला. शंभर वर्षं आमच्या माणसांनी असला कागद केला आणि त्यावर काय लिहिलं, तर कुणाची किती जमीन आणि कुणावर किती सारा. त्यात हा आवाज होता, आणि कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग ते व्याही. ते मधल्या खुर्चीत बसले, विहीणबाई शेजारी, हौशीराम लोडाला टेकून. मी आधी डावा वाजवला, मग उजवा, मग परत डावा. दोघांनी उजव्याला विलायती म्हटलं, जराही न अडखळता. हौशीरामनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "उजवा जुन्नरचा आहे. माझ्या वडिलांनी केला." सावळेरामपंत म्हणाले, "काहीतरीच." मी म्हणालो, "उघडून दाखवतो." इथंच चुकलो. कापड काढायला नको होतं. पण मला नुसतं जिंकायचं नव्हतं, मला त्यांच्या तोंडून ते नाव काढायचं होतं. कापड काढलं, सुई ठेवली, आणि विहीणबाई ते बोलल्या.

"घोगरं कसं?" मी विचारलं. "पाच मिनिटांपूर्वी समोर बसून गात होती ना?"

"अरे, तेव्हा नीट लक्ष नव्हतं," विहीणबाई म्हणाल्या. "आता लक्ष देऊन ऐकलं."

"आता लक्ष देऊन बघितलंत."

"ए अमजद," हौशीराम म्हणाला, "पावण्यांशी नीट बोल."

"जबानीचं काय, भाऊ? वळखाय न्हाई आलं त्यांना."

"आलं की. घोगरा कोणता ते बरूबर सांगितलं न्हाई का आत्ता?" आणि तो हसला, व्याही हसले, विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या वाईट बाई नव्हत्या. खोटंही बोलत नव्हत्या, हेच तर भयंकर. त्यांना खरंच घोगरं ऐकू येत होतं. मी जिना उतरताना कठड्याला धरलं नाही, पडलो असतो तर बरं झालं असतं, कुणाला तरी आवाज ऐकू आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीराम माझ्या जिन्याखाली आला. वाकून आत डोकावला; त्याचा फेटा पायरीला घासला. एकटा होता, आणि एकटा असला की तो वेगळा माणूस असतो, हे त्याला माहीत आहे म्हणून तो फारसा एकटा राहत नाही.

"आईक," तो म्हणाला. "म्या रात्री इचार केला. आवाज चांगला हाये त्याचा. मला काय कान न्हाईत व्हय?"

मी हातातली तार सोलत राहिलो.

"पर दिसतंय कसं ते? गोणपाट. येणारा-जाणारा काय म्हनंल, हौशीरामच्या रेडिओत पोतं घातलंय. त्याला काळा कर. डाव्यासारका. व्याही आजून दोन दिस हायेत. त्यास्नी सांगतो, पुण्यास्नं नवा मागिवलाय, आज आला. तू गप ऱ्हायचं. मग तुज्या बापाची जागा ऱ्हायली. वखार म्या महाळुंग्याच्या रानात बांदतो."

"जबान?"

त्याला ते लागलं. तोंडावर लागलं. "न्हाई," तो म्हणाला. "कागुद करून देतो. तुज्याच कागदावर. मग तर झालं?"

मी अब्बांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते दगड फेकून मारतील. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर. त्यांनी नाही म्हणावं आणि मी मोकळा व्हावं. ते म्हणाले, "काळा करायचा तर शाई मी करून देतो." मी म्हणालो, "अब्बा, तुमचं नाव जाईल त्यातून." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी अजून लहान आहे आणि तसाच मरेन. "कागदावर कागद्याचं नाव कधी बघितलंस का?" म्हणाले. "नाव लिहिणाऱ्याचं असतं. कागद खाली असतो." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. ही लाचारी आहे की अभिमान, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलंय असं वाटतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

मी आधी नुसतं काजळ चोळलं, कोरडं. कोरड्या काजळानं कागदाचं काही बिघडत नाही. हौशीरामनं बोट लावून बघितलं, बोट काळं झालं, धोतराला पुसलं. "ह्ये उतरतंय. पक्कं कर." मी म्हणालो, पक्कं करायचं तर डिंक घालावा लागेल, डिंक घातला की कागद ताठ होतो, आवाज मरतो. त्यानं क्षणभर विचार केला. खरंच केला, मला दिसला. मग म्हणाला, "कान लावून कोन आयकतं, लोकं बोट लावून बगत्यात. पक्कं कर." अब्बांनी डिंकाची शाई घोटून ठेवलेलीच होती, खापराच्या भांड्यात, काळी, दाट, वर साय धरलेली. मी कुंचल्यानं दोन हात दिले. पहिला हात कागदानं पिऊन टाकला. दुसरा पिईना, वरच थांबला आणि चमकू लागला.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला व्याह्यांना पुन्हा मधल्या खुर्चीत बसवलं. ह्या वेळी उजव्या खोक्याचं कापड मुद्दाम काढून ठेवलं होतं. दोन काळी तोंडं, डावं आणि उजवं, जुळ्या भावांसारखी. मी सुई ठेवली. सळसळ नाही. श्वास नाही. सूर एकदम आला, कडक, इस्त्री केलेला, आणि दुसऱ्या ओळीला बाईचा दम कमी पडला असेल-नसेल, कुणाला कळणार नव्हतं, मलाही कळलं नाही. मी कान जवळ नेला. उजव्यातही आता शेजारच्या घरातलीच बाई होती.

"आता बघा," विहीणबाई म्हणाल्या. "आता कसं मोकळं वाटतंय."

"ह्याला म्हणतात माल," सावळेरामपंत म्हणाले. "दोन्हीकडून सारखं येतंय. मुंबईला असंच असतं."

"मंग," हौशीराम म्हणाला. त्याचं माझ्याकडे लक्ष होतं. बाकी कुणाचं नव्हतं.

विहीणबाईंना वाईट वाटलं असावं. जाताना त्या मुद्दाम थांबल्या, समजूत घालावी तशा आवाजात म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा तो कालचा कागद काय केलास रे? जपून ठेव हो. हातानं केलेली वस्तू आहे."

"फेकून दिला," मी म्हणालो.

"अगंबाई."

"घोगरा होता."

दुसऱ्या दिवशी हौशीरामनं कागद दिला. त्यानं शब्द पाळला, हे लिहायला पाहिजे. मी त्याच्यावर आणखी काही लादणार नाही. आमच्याच एका तावावर, घोटलेल्या, त्याच्या कारकुनाच्या अक्षरात लिहिलेलं होतं की कमरुद्दीन कागदी ह्यांस हौदाची जागा हयातीपर्यंत वापरण्यास दिली असे. हयातीपर्यंत. म्हणजे अब्बा आहेत तोवर. माझा त्यात उल्लेख नव्हता. मी ते जिन्यावरच वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. शाई कुठं फुटली नव्हती. अक्षर स्वच्छ बसलं होतं. माझा बाप काम चांगलं करतो.

मोहल्ल्यात पोचलो तेव्हा ते हौदात कंबरभर पाण्यात उभे होते. ताव उचलत होते. कुणासाठी, विचारू नका, मागणी नव्हती. काठावर आठ-दहा ओले ताव एकावर एक रचलेले होते. मी कागद दाखवला. त्यांचे हात ओले होते म्हणून त्यांनी तो घेतला नाही, लांबूनच बघितला. त्यांना वाचता येत नाही.

"जागा राहिली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. साचा पाण्यात सोडला, झोका दिला, वर उचलला, पाणी निथळू दिलं. ताव सारखा बसला होता. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि आवाज?"

ते कधी त्या माडीवर गेले नव्हते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं; मीही नाही, ते सुद्धा आत्ता लिहिताना ध्यानात येतंय. महिनाभर ह्या गावात दोन खोकी, चार माणसं आणि मी, सगळे आवाज, आवाज करत होतो. मला सांगता आलं असतं की कपड्याची सळसळ होती. श्वास होता. काल दुपारपर्यंत होता.

"लोकांना आवडला," मी म्हणालो.

"लोकांचं नाही विचारलं," अब्बा म्हणाले. ते साचा हातात तसाच धरून थांबले, आणि साच्यातलं पाणी गळायचं संपलं तरी मी त्या कागदाची घडी घालत आणि उघडत होतो.